आकडे मोजणारं पोर

बारामती तालुक्यात पणदऱ्याच्या बाजूला वळीव बहुधा दिवस कलल्यावर येतो. दुपारभर रान तापतं, तापलेली हवा वर चढते, ढग चढत जातात आणि पाच-सहाच्या सुमाराला वारा सुटतो. धारा काढायची वेळही नेमकी हीच. गोठ्यात गाई बिथरलेल्या, कडबा उघडा, पत्रा फडफडतोय आणि डेअरीची वेळ गाठायची आहे. त्या अर्ध्या तासात पोराकडून एवढीच अपेक्षा असते की सांगितलं, की पळायचं.

आणि एखादं पोर पळत नाही. वीज चमकली की ओठांतल्या ओठांत आकडे मोजत उभं राहतं. "आरं, बघतोस काय नुसता? ताडपत्री धर की!" बाप ओरडतो. पोर आणखीनच गप्प होतं. त्या संध्याकाळी त्याला वेंधळा हे नाव पडतं आणि पुढे कितीतरी वर्षं ते पुसलं जात नाही.

खरं तर ते पोर शाळेत शिकलेलं वापरत असतं. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि माणसाने पक्क्या घरात असायला हवं. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आज मोबाईलवर जवळपासच्या विजेचा इशारा देतं. तोच इशारा हे पोर बोटांवर काढत होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात विजेने 2,887 माणसं गेली. अशा मृत्यूंत रानात काम करणारे आणि झाडाखाली आडोसा घेणारे मोठ्या संख्येने असतात. ओल्या अंगाने, उघड्या रानात, हातात ताडपत्रीचं टोक धरून उभं राहण्यापेक्षा त्या पोराचं मोजणं अधिक शहाणपणाचं होतं.

प्रत्येक पोर मोजत असतं असं मात्र नाही. काही नुसती थिजतात. अतिशय भीती वाटली की शरीर पळायचं किंवा झुंजायचं सोडून जागीच गोठतं. हाक कानावर पडते, पण पाय उचलत नाहीत. त्याला आपण हट्ट म्हणतो. काही पोरं उलट गारा वेचायला आंब्याखाली धावतात. ती आगाऊ ठरतात. तिन्ही पोरांना ओरडणारा माणूस एकच आणि त्याचा सूरही एकच. कारण तो स्वतः घाबरलेला असतो. बापाची भीती रागाचे कपडे घालून बाहेर येते आणि पोराला दिसतो तो फक्त राग. म्हणजे गैरसमज दोन्हीकडून असतो, नाव मात्र एकट्या पोराला पडतं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पणदऱ्याला कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे. पण याच तालुक्यातल्या सुपे-मोरगावच्या जिरायत भागात पावसाकडे डोळे लावून माणसं म्हातारी झाली. पाऊस आला की आनंद व्हावा, हे इथे जवळजवळ कर्तव्य आहे. अशा घरात पावसाला भिणारं लेकरू मोठ्यांना कृतघ्न वाटतं. त्याची भीती समजून घ्यायला आपल्याजवळ जागाच उरत नाही.

मोठ्यांची निर्भयता पुष्कळदा निव्वळ सवयीतून आलेली असते, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळात उलटली. सहा जण गेले. त्यांत एक तरुण जोडपं आणि त्यांची दोन चिमुकली होती. त्या आईबापाला कुणीही दोष देऊ नये. लोकांच्या नेहमीच्या येण्याजाण्याची ती वाट होती. पण नेहमीची वाट त्या दिवशीच्या वाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. पुढच्याच वर्षी 25 मेला बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला. ज्या पाण्यावर इथला ऊस उभा आहे, तेच पाणी वस्त्यांत शिरलं. मे महिन्यात असं होत नाही, ही मोठ्यांची खात्री त्या दिवशी उपयोगाला आली नाही. लेकराजवळ अशी खात्री नसते. त्याला समोरचा वारा तेवढा दिसतो.

म्हणून वादळ चालू असताना पोराची समजूत काढत बसावं, असं मी म्हणत नाही. तेव्हा हुकूमच हवा, आणि तो छोटा हवा. "घरात ये." ताडपत्री, मोटर, दावं हे सगळं नंतर. थिजलेल्या पोराला तर हाकेपेक्षा दंडाला धरलेला हात लवकर कळतो. बाकीचं बोलणं चैत्रातच, आभाळ निरभ्र असताना व्हायला हवं. वारा सुटला की गाईंचं कोण बघेल, धाकटीला कोण आत नेईल, कुणी बाहेर पडायचंच नाही, हे पोरांना विचारूनच ठरवावं. आणि कडबा भिजला तर भिजू द्यायचा, हेही त्याच बैठकीत घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकावं.