अश्वविद्या आणि अक्षविद्या
महाभारतातल्या नलोपाख्यानात विदर्भाच्या वाटेवर एक देवघेव होते. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून पाने-फळे किती ते सांगतो. त्याचा सारथी बनलेला नळ मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग नळ अक्षविद्या घेतो आणि अश्वविद्या देऊ करतो. घोडा आणि फासा, दोन्ही ज्ञानाचे विषय आहेत, असे ही कथा मानते. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रविवारी जिंकणारा घोडा हेरणे हेही खरे ज्ञानच आहे. मात्र ते संभवाचे ज्ञान, फळाचे नव्हे. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, म्हणून जाणकार मागच्या धावा, अंतर, जॉकी, पुण्याच्या पावसाळी हंगामात मऊ झालेली धावपट्टी, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमधली घोड्याची चाल, सारे तोलून पाहतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेही या शर्यतींना कौशल्याचा खेळ म्हटले.

पसंतीचा घोडा हरला, तर ते ज्ञान कसले, असा आक्षेप येईल. पण ‘दहांत चारदा जिंकेल’ म्हणणाऱ्याने सहा पराभव आधीच मान्य केलेले असतात. एका निकालाने तो खोटा ठरत नाही. मग ज्ञान असून खिसा रिकामा का? कारण इतरांचे ज्ञानही पैजेच्या भावात उतरलेले असते, आणि टोटवर, म्हणजे सगळ्यांच्या पैजांच्या एकत्र रकमेतून, आधी वजावट होते, मग उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. संभव ओळखणे हे बुद्धीचे काम. निकालावर हक्क सांगणे हा अहंकार. माणूस बुडतो तो अज्ञानाने कमी, या हक्काच्या भावनेने जास्त.