दार सगळ्यांना, चालणं ज्याचं त्याला

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मी बँकेत क्लार्क होतो. पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर रोह्याचे एक मुसलमान सहकारी बसत. दत्तजयंतीला माझं काम ते सांभाळत, ईदला त्यांचं मी. त्यांच्या कॅशमध्ये कधी रुपयाचा फरक आला नाही. गेल्या वर्षी ते वारले. मयतीहून घरी आलो तर नात म्हणाली, "आजोबा, ते आपल्या देवाकडे जाणार का?" मला उत्तर देता आलं नाही.

मार्गशीर्षात सप्ताहाला बसलो आणि गुरुचरित्राच्या पन्नासाव्या अध्यायाशी थबकलो. कुरवपूरचा रजक श्रीपाद श्रीवल्लभांना रोज दंडवत घालायचा. मनात राजवैभवाची इच्छा आली, म्हणून पुढच्या जन्मी तो बेदरचा यवन राजा झाला. अंगावर फोड उठला, वैद्य हरले. गाणगापुरी आला तेव्हा नृसिंह सरस्वतींनी त्याला 'रजका' अशी जुनीच हाक मारली. आधी धर्म बदल, मग बघू, असं म्हणाले नाहीत. सद्गुरूंच्या वहीत जात-धर्म नाही, सेवा जमा होते.

मग सगळे आपोआप तरणारच का? इथे जरा जपायला हवं. कर्जमाफी आली की नियमित हप्ते भरणारा काउंटरवर येऊन विचारायचा, "मग मी भरले तो वेडा का?" मोक्ष आयता म्हटला की हाच प्रश्न उभा राहतो. त्या राजालाही फोड भोगावा लागला, आणि त्याची आधीची सेवा होतीच.

'सगळे देव एकच' हे वाक्य खरं आहे, पण पुष्कळदा ते आपल्या आळसाची पावती असतं. आपली पोथी वाचायची नाही, दुसऱ्याची समजून घ्यायची नाही. मीही ते जन्मभर म्हटलं. पण पंधरा वर्षांत त्यांना रोज्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ती खंत आता कुठे फेडू?

अवधूतांनी चोवीस गुरू केले, पण प्रत्येकाकडून वेगळं शिकले. पृथ्वीकडून क्षमा, पिंगळेकडून आशा सोडणं. सगळे सारखेच म्हटले असते, तर एकावरच थांबले असते.

आपल्या हमरापूरच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. डोळ्यांची आखणी मात्र एकेकाची हातानेच करावी लागते. कृपेचंही तसंच असावं.

परवा नातीला सांगितलं, "बाळा, त्यांनी आपला हिशेब चोख ठेवला. पुढचं दत्तमहाराज बघतील. आपण आपलं टेबल सांभाळायचं."

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!