न भिजण्याची विद्या

काळी नदीवर गणेशगुडीपाशी १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले, जुने सुपा कचेरी-बाजारासकट जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले. तेव्हापासून पाण्याला मज्जाव करता येतो की त्याच्याशी नुसता तह करावा लागतो, हा प्रश्न या मुलखातल्या माणसाला निव्वळ पोथीतला वाटत नाही. आत्म्याला पाणी भिजवू शकत नाही असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो, आणि कर्म करूनही पापाने लिप्त न होणाऱ्या पुरुषाला पाचवा अध्याय कमळाच्या पानाची उपमा देतो. परंतु हे न भिजणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा मला भाष्यग्रंथांपेक्षा शरीरात बसविल्या जाणाऱ्या विद्युदग्रांच्या इतिहासात अधिक झाला. शास्त्रीमंडळींनी राग मानू नये.

आषाढात येथल्या परसांत अळवाच्या पानावर जे दिसते, तेच कमळाच्या पानावर घडते. पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे कण, मध्ये कोंडलेली हवा. थेंब पानावर नव्हे, तर बहुतांशी त्या हवेवर बसतो. बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली याची सविस्तर मीमांसा केली. असाच जलद्वेषी लेप हृदयात वा मेंदूत ठेवावयाच्या तारांवर चढवावा, हा विचार मोहक खरा; पण शरीर म्हणजे पावसाची सर नव्हे. तेथे क्षारयुक्त द्रव अहोरात्र वेढा घालून बसतो, त्यातील प्रथिने पृष्ठभागावर थर धरतात, कोंडलेली हवा हळूहळू विरघळते, आणि ती सरली की पानाचे सारे वैराग्यही सरते.

१९५८ च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर एपॉक्सीत ओतलेला होता. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर बदलीत २००१ पर्यंत जगले. दरम्यान कारागिरांना एक चमत्कारिक गोष्ट उमगली. सिलिकोन रबरातून पाण्याची वाफ सर्रास आरपार जाते, तरीही त्याच्या लेपाखालची तार वर्षानुवर्षे शाबूत राहू शकते. कारण घात वाफ करीत नाही, साचलेले पाणी करते, आणि ते साचते फक्त तेथे, जेथे लेप तारेपासून सुटून पोकळी राहिली आहे किंवा धुताना मिठाचा एखादा कण मागे राहिला आहे. तो कण वाफ ओढून घेतो, फोड धरतो आणि लेप आतूनच उचलतो.

विषयांपासून दूर पळणे म्हणजेच विरक्ती, असे मानणाऱ्या आपल्याकडील मोठ्या संप्रदायाने या कणाचा विचार करावा. पाणी आत येणारच. प्रश्न इतकाच की आत त्याला ओढणारी वासना आणि ठरण्यास जागा आहे काय. शिवाय विद्युदग्राचे टोक मुद्दाम उघडे ठेवावे लागते, कारण प्लॅटिनमचे ते टोक देहाच्या द्रवात भिजल्याखेरीज प्रवाह पुढे जात नाही. सर्वांगी लेप दिलेली तार सुरक्षित असते आणि निरुपयोगीही. गीतेचा अलिप्त पुरुष कर्म करणारा आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

दृष्टांत येथे थोडा अडतो. तारेला धुणारा हात बाहेरचा असतो; माणसाच्या बाबतीत तो गुरूचा, ईश्वराचा की स्वतःचा, हा दर्शनांचा जुना तंटा आहे. लेपाखालचा कण तारेला स्वतःला दिसत नाही, एवढ्यापुरता माझा कौल गुरूच्या बाजूने आहे.