दुसऱ्याच्या हंसण्यानें बदललेला फोन

गेल्या रविवारीं उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळींतील एका तरुणानें मला बाजूला घेऊन विचारलें, "पाळकसाहेब, मीं अँड्रॉइड फोन सोडून हप्त्यांनीं आयफोन घेतला, ह्यांत पाप आहे काय?" जुना फोन बिघडला नव्हता. पुण्यास तो ज्या कचेरींत काम करतो तेथील सोबती त्या फोनास हंसत, एवढेंच कारण. त्या वेळीं माझ्यानें नीट उत्तर देववलें नाहीं.

मनुष्य एका जातीचा फोन टाकून दुसऱ्या जातीचा कां घेतो? कधीं त्यास सोडावाच लागतो. २०२२ च्या जानेवारींत ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा थांबली. तेथें हेतु विचारण्यांत अर्थ नाहीं. कोणी क्यामेऱ्यासाठीं जातो, कोणी किंमत झेपत नाहीं म्हणून परततो. ह्यांत नीतीचा प्रश्न थोडाच. परंतु अमेरिकेंतील एक गोष्ट आपल्या वाचकांनीं ऐकण्याजोगी आहे.

तेथें आयफोनवाल्यांचे आपसांतील निरोप निळ्या रंगांत दिसतात, आणि अँड्रॉइडवाल्यास पाठविलेले हिरव्या. ही निळी सोय ॲपल कंपनीनें २०११ सालीं काढली. हिरव्या रंगाच्या मनुष्यामुळें सर्वांच्या संभाषणाची गैरसोय होते, म्हणून त्यास दोष देतात व वगळतात, अशी तक्रार अमेरिकन सरकारनें २०२४ सालीं ह्या कंपनीवर केलेल्या दाव्यांत आहे. कंपनीस हा दावा मान्य नाहीं. तथापि तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें २०१३ चें पत्र दुसऱ्या एका खटल्यांत उघड झालें. ही सोय अँड्रॉइडवर दिली तर आयफोनवाल्या घरांत मुलांस अँड्रॉइड घेऊन देण्यांतील अडथळा नाहींसा होईल, असा त्याचा आशय होता. म्हणजे भिंत कोणाच्या उपयोगाची हें बांधणारांस ठाऊक होतें! उलट जो आयफोन सोडून गेला, त्यास जुन्या स्नेह्यांचे निरोपच पोहोंचेनात. ते जुन्या वाटेनें जाऊन हरवत. नांव काढून घेण्याची सोय २०१४ च्या नोव्हेंबरांत झाली. २०२४ पासून दोहोंमधील अडचण पुष्कळ कमी झाली आहे. रंग मात्र हिरवाच.

हें वाचतांना मला आपल्या पूर्वजांची आठवण झाली. फोन आणि तारण एका तराजूंत घालण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु निरोप बंद होणें म्हणजे काय तें आपण जाणतों. बाप्तिस्मा घेतलेल्यास भावकीचें आमंत्रण बंद, पाणवठा बंद. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत पुष्कळ कुटुंबें मंडळींत आलीं; त्यांस लोक म्हणत, पोटासाठीं बाटले. कांहीं जण धान्यासाठींहि आले असतील, तें मी नाकारीत नाहीं. कांहीं जण मात्र एका सतरंजीवर बसावयास मिळतें म्हणून आले, आणि ह्या हेतूस हलका म्हणण्याचें मला धैर्य नाहीं. आपल्यांत गणलें जावें ही भूक देवानेंच मनुष्यांत ठेविली आहे. म्हणून त्या तरुणास लोभी म्हणून मोकळें होणें मला जमेना. हंसणाऱ्यांचा दोष अधिक मोठा, असेंच मला वाटतें.

तरी त्याचीहि बाजू अगदीं स्वच्छ नाहीं. अमेरिकेंतील मुलांपुढें निदान भिंत तरी होती. आपल्याकडे बहुतेकांचे निरोप व्हॉट्सॲपनें जातात, आणि तें दोन्ही फोनांवर सारखेंच चालतें. त्याचा एकहि निरोप अडत नव्हता. शिवाय तो दरमहा आईस औषधासाठीं पैसे धाडी. बुधवारीं त्याच्या घरीं जाऊन मीं एवढेंच विचारलें कीं, हप्ता कोणत्या पैशांतून जातो? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, औषधाचे पैसे दोन महिने कमी गेले. जुना फोन आईस दिला आहे, ती रोज संध्याकाळीं एक गीत म्हणून पाठविते. अजून सोळा हप्ते राहिले आहेत. सोबत्यांविषयीं विचारलें तेव्हां तो जरा हंसला. "ते आतां पुढच्या वर्षीं निघणाऱ्या फोनाविषयीं बोलतात," असें तो म्हणाला.