ठोशाआधी नमस्कार

खारघरच्या सोसायट्यांत संध्याकाळी कराटेचे वर्ग भरतात. पहिली-दुसरीतली मुलं पांढऱ्या गणवेशात रांगेनं उभी राहतात आणि ठोसा मारण्याआधी कमरेत वाकतात. मारायला शिकवणाऱ्या विद्येत हा नमस्कार कशासाठी?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. तालमीत उतरणारा मल्ल आधी मारुतीपुढे हात जोडतो, लाल माती कपाळाला लावतो. अफाट ताकदीचा हा देव रामापुढे मात्र दास म्हणून उभा असतो. बळाला धनी हवा, हे पोराला तिथं प्रवचनाशिवाय कळतं.

अमेरिकेत किम्बर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी 2004 मध्ये पाचवीपर्यंतच्या 207 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिने तायक्वांदो शिकलेल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा नेहमीच्या पीटीच्या तासाला जाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढला. तोंडी गणितातही ती सरस ठरली. तिथं मुलांना स्वतःलाच विचारायला शिकवलं होतं: मी कुठे आहे, काय करतोय, काय करायला हवं? आपल्याकडे यालाच साक्षीभाव म्हणतात.

त्याआधी, 1986 मध्ये, मायकेल ट्रल्सन यांनी वाट चुकलेल्या किशोरांवर प्रयोग केला होता. चिंतन आणि विचारांसह तायक्वांदो शिकलेल्यांची आक्रमकता घटली. नुसते डावपेच शिकलेल्यांची वाढली!

म्हणून पालकांनी वर्ग निवडताना पट्ट्यांचे रंग नंतर विचारावेत. आधी कोपऱ्यात बसून, मूल हरल्यावर प्रतिस्पर्ध्याला कसं वाकून नमस्कार करतं, ते पाहावं.