अवे मॅचला जाताना: 'आम्ही'चा हिशोब

अवे मॅचला जाणाऱ्यांना द्यायचे सल्ले तसे सोपे असतात. फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध मुंबई सिटीची मॅच लागली की ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तर आता पाठ झालंय. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी रेल्वेचं तिकीट काढा. कोकणकन्याने रात्री निघालात तर सकाळी मडगावला उतराल. मांडवी सकाळी सुटते आणि पोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून मॅचच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका. मडगाव स्टेशनापासून फातोर्ड्याचं स्टेडियम जवळ आहे. पाहुण्या समर्थकांसाठी वेगळा स्टँड ठेवला असेल तर तिकीट तिथलंच घ्या, शंभर रुपये वाचतात म्हणून यजमानांच्या गर्दीत जाऊन बसू नका. भाड्याची दुचाकी घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, आणि हेल्मेट मागून घ्या. जर्सी पिशवीत ठेवा, स्टेडियमपाशी पोचल्यावर घाला. शिट्टी वाजल्यावर लगेच बाहेर पळू नका, गर्दी ओसरू द्या.

एवढं सांगून झालं की आपण म्हणतो, "बाकी काय, मजा करा." मला अलीकडे वाटायला लागलंय की खरा प्रश्न त्या 'बाकी काय'मध्येच आहे. दुसऱ्याच्या गावात जायचं, त्याचं खायचं-प्यायचं, आणि दोन तास त्याच्याच अंगणात उभं राहून 'तू हर' असं गळा फाडून ओरडायचं. असा माणूस पाहुणा असतो का? असेल, तर पाहुण्याची कोणती बंधनं त्याला लागू होतात?

हा प्रश्न मला पडतो त्यामागे माझं गाव आहे. मी अकलोलीचा. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीच्या शेजारी. गरम पाण्याची कुंडं हीच आमच्या गावाची ओळख. देवीचं दर्शन घ्यायचं, कुंडात अंघोळ करायची, जमलं तर पुढे गणेशपुरीला जायचं, असा अनेकांचा एका दिवसाचा बेत असतो. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे बारमाही. त्यातले बहुतेक शांतपणे येतात, अंघोळ करतात, वडापाव खातात आणि जातात. काही जण मात्र नदीच्या खडकांवर बाटल्या फोडतात, गाडीची गाणी रात्रीपर्यंत वाजवतात. दुसऱ्या दिवशी काचा वेचताना गावातलं माणूस एवढंच म्हणतं, "मुंबईची माणसं होती." गाडीची पाटी कल्याणची असो, ठाण्याची असो, नाहीतर नाशिकची. बाहेरून येऊन घाण करून जाणारा तो मुंबईचा, हे आमच्याकडे ठरून गेलंय.

मजा अशी, की आम्ही स्वतः मुंबईचे नाहीच. अंधेरीच्या स्टेडियमात मुंबई सिटीची घरची मॅच असते तेव्हा मला आधी रिक्षा, मग एसटी, मग विरारहून लोकल असा प्रवास करावा लागतो. माझ्यासाठी घरची मॅचही अवेच. आणि गोव्याला जाताना मी काय करतो? ज्या शब्दावर आमच्या गावात कपाळाला आठी पडते, तोच शब्द छातीवर लावून दुसऱ्याच्या गावात जातो. गोव्यातल्या लोकांनीही बाहेरून आलेल्यांच्या बाटल्या पुष्कळ वेचल्या आहेत. आकाशी जर्सी घालून मडगावात उतरलेला मुलगा त्यांना फुटबॉलचा भक्त दिसण्याआधी आणखी एक टुरिस्ट दिसतो, यात मला नवल वाटत नाही.

इथे कोल्हापूरची आठवण होते. तिथलं फुटबॉल तालमींचं आणि पेठांचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. चुरस इतकी की बाहेरच्याला धडकी भरावी. पण सगळे खेळतात त्याच एका शाहू स्टेडियमवर. तिथे घर आणि परगाव असा भेद नाही. शिवाय तिथे दुसरा दिवस असतो. संध्याकाळी ज्याला तुम्ही वाट्टेल ते बोललात तो सकाळी मिसळीच्या गाडीवर शेजारी उभा असतो, त्याचा मामा तुमच्या आत्याच्या घराजवळ राहतो. भांडण झालं तरी ते निस्तरावं लागतं. अवे मॅचला दुसरा दिवस नसतो. रात्रीची गाडी पकडली की तुम्ही सुटलात. तुमचं नाव कुणाला माहीत नाही, तुम्ही पुन्हा भेटणार नाही. मागे राहतो तो फक्त जर्सीवरचा शब्द, आणि त्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला पाहावं लागत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते एका कमांडने कळतं, तिला 'गिट ब्लेम' म्हणतात. स्टँडमध्ये तशी सोय नाही. दोनशे जणांच्या घोळक्यातून एक बाटली उडते तेव्हा ती 'मुंबईवाल्यांनी' मारलेली असते. याविरुद्धचा युक्तिवाद मला चांगला माहीत आहे, कारण इंजिनिअरला तो पहिल्यांदा सुचतो: एका माणसावरून दोनशे जणांबद्दल निष्कर्ष काढणं चूक आहे. ज्याने केलं त्याने भोगावं.

हा युक्तिवाद मी एकदा फार जवळून ऐकला. एका अवे मॅचला आमच्या स्टँडमधला एक मुलगा खाली उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीला उद्देशून अचकटविचकट बोलायला लागला. मागच्या रांगेतल्या एका वयस्क समर्थकांनी पुढे येऊन त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. परतीच्या गाडीत विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, तो आपल्यातला नव्हताच." काका डबा उघडत शांतपणे म्हणाले, "गोल झाला तेव्हा त्याला मिठी कोणी मारली रे?"

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. आपण मैदानात बॉलला पायही लावत नाही. तरी ऑफिसात येऊन सांगतो, "आम्ही जिंकलो." या 'आम्ही'त आपण फुकट शिरतो. कुणी निवडून दिलेलं नसतं, कुणी परीक्षा घेतलेली नसते. जर्सी विकत घेतली आणि शिरलो. हरकत नाही, कारण या शिरण्यातच समर्थक असण्याची सगळी गंमत आहे. पण मग अकरा अनोळखी माणसांनी मारलेला गोल जर 'आम्ही' मारलेला असेल, तर शेजारच्या रांगेतल्या अनोळखी माणसाने दिलेली शिवी 'त्याची' कशी? तिच्यात तर माझा वाटा गोलपेक्षा जास्त आहे. खेळाडूला मी थांबवू शकत नाही आणि मदतही करू शकत नाही. शेजाऱ्याला मी निदान खांद्याला धरू शकतो. अभिमान वाटून घ्यायचा आणि लाज ज्याची त्याच्याकडे ठेवायची, हा हिशोब जुळत नाही.

पण इथे एक फरक जपला पाहिजे. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसल स्टेडियमात लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपची फायनल होती. लिव्हरपूलच्या समर्थकांनी शेजारच्या गटावर चाल केली, लोक भिंतीकडे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, त्यातली बहुतेक इटालियन. त्यानंतर सगळ्या इंग्लिश क्लबांना युरोपच्या स्पर्धांमधून पाच वर्षं बाहेर ठेवण्यात आलं. त्या वर्षीचा इंग्लंडचा विजेता एव्हर्टन. त्याच्या समर्थकांचा हेसलशी काही संबंध नव्हता, तरी त्यांची संधी गेली. हा अन्याय होता असंच मला वाटतं. बाहेरच्याने सगळ्यांना एकाच मापाने शिक्षा करणं वेगळं आणि आतल्याने आपणहून जबाबदारी घेणं वेगळं. अकलोलीतल्या माणसाने सगळ्या मुंबईला नावं ठेवणं चूकच आहे. पण काचा फोडणाऱ्याच्या गाडीत बसून आलेल्या मित्राने 'माझा काय संबंध' म्हणणं त्याहून चूक आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मग सरळ पाहुण्यांना येऊच देऊ नये का? अर्जेंटिनाने २०१३ साली, एका समर्थकाच्या मृत्यूनंतर, पाहुण्या समर्थकांवर बंदी घातली. तर्क सोपा आहे: दोन गट समोरासमोर आलेच नाहीत तर भांडणार कोण? पण १ ऑक्टोबर २०२२ ची इंडोनेशियातली मॅच पाहा. मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमात अरेमाविरुद्ध पर्सेबाया खेळत होते. वैर जुनं, म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना येऊ दिलंच नव्हतं. अरेमा हरले, लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दारांपाशी चेंगराचेंगरी झाली. १३५ माणसं मेली. समोर शत्रू नव्हताच. आपल्याकडेही १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या मॅचमध्ये १६ प्रेक्षक गेले. ते सगळे एकाच शहराच्या मैदानावर आले होते. धोका पाहुण्याच्या असण्यात नसतो. तो गर्दी कशी सांभाळली जाते यात असतो, आणि गर्दीतला प्रत्येक जण स्वतःला किती विसरतो यातही.

पाहुणा नसला तर काय हरवतं, तेही आम्ही पाहिलंय. २०२०-२१ चा सगळा सीझन कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाला. १३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ हरवून पहिल्यांदा आयएसएल जिंकली, तीही फातोर्ड्यातच. बिपिन सिंगचा गोल अगदी शेवटी आला. मी तो घरी मोबाइलवर पाहिला. आनंद झाला, पण त्या गोलला समोरून कुणी 'अरे देवा' म्हणालं नाही. हरणाऱ्याच्या उसाशाशिवाय जिंकणं थोडं खोटं वाटतं, हे तेव्हा कळलं.

आणि मग २४ एप्रिल २०२४. पुन्हा फातोर्डा, सेमीफायनलचा पहिला लेग. गोवा २-० ने पुढे. नव्वदाव्या मिनिटाला छांगटेचा गोल, लगेच विक्रम प्रतापचा, आणि भरपाईच्या वेळेत सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. काही मिनिटांत २-३. समर्थक म्हणून आयुष्यात असा दिवस एखादाच येतो. पण तो दिवस ज्यांच्या घरात आला, त्यांच्यासाठी ती तितकीच मोठी जखम होती. अशा वेळी पाहुण्याने काय करावं? आनंद गिळावा, असं मी म्हणणार नाही. तो ढोंगीपणा होईल, आणि यजमानालाही ती दया नको असते. प्रश्न आनंद कुणाकडे तोंड करून करायचा एवढाच आहे. आपल्या खेळाडूंकडे, शेजाऱ्याकडे, आकाशाकडे तोंड करून नाचलात तर तो तुमचा आनंद. वळून यजमानांच्या स्टँडकडे बोटं दाखवून नाचलात तर आनंद संपून दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. आवाज तेवढाच असतो, फक्त दिशा बदलते. समोरच्याला मात्र हा फरक लगेच कळतो.

म्हणून माझ्या सल्ल्यांच्या यादीत आता चार गोष्टी वाढल्या आहेत. गोल झाला की तोंड मैदानाकडे ठेवा. संघाला हवं तेवढं बोला, गावाला बोलू नका: त्यांच्या भाषेला, खाण्याला, माणसांना. शेजारचा घसरायला लागला तर पोलिसांनी धरण्याआधी तुम्ही धरा, कारण परगावात त्याला सांगायचा हक्क सगळ्यांत आधी तुमचा आहे. आणि निघताना आपली रांग आवरा. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये कतार आणि इक्वेडोरची मॅच संपल्यावर काही जपानी प्रेक्षक पिशव्या घेऊन कचरा उचलताना जगाने पाहिले. ती मॅच त्यांच्या संघाची नव्हतीसुद्धा. आपल्याला निदान आपल्याच बाटल्या उचलायच्या आहेत.

कुणी विचारतं, एवढं करून फातोर्ड्यातल्या माणसाचं मत बदलेल का? बहुधा नाही. एका रांगेच्या स्वच्छतेने 'मुंबईवाले' या शब्दाचा अर्थ बदलत नाही, हे अकलोलीत वाढलेल्या मुलाला कुणी सांगायला नको. आमच्याकडे नीट वागून गेलेला पाहुणा कुणाच्या लक्षात राहत नाही. पण त्या दिवशी सकाळी नदीवर काचा वेचायला कुणाला जावं लागत नाही, एवढा फरक पडतोच. तिकीट काढताना एक मोठी रिकामी पिशवीही बॅगेत टाका.