धावेची खूण

लहानपणी आमच्या डोंगरकडा गावात बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायची असली की आम्ही पोरं तिथून हलत नसू. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल व्हायची, दोघं-तिघं सांडशीनं ती उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आवळली की आरे कुरकुरत तुंब्यात घट्ट बसत. धाव सांधलेल्या जागी जराशी गाठ राहायची. ती दर फेऱ्याला फुफाट्यात उमटायची. वाटेवरची ती खूण बघून आजोबा सांगत, कुणाची गाडी गेली. प्रत्येक चाक वेगळं होतं, पण त्याचं कौतुक कुणी करत नव्हतं.

मोजक्याच बनणाऱ्या वेगवान स्पोर्ट्स कारबद्दल वाचताना मला ती गाठ आठवते. त्या गाड्यांची दुर्मिळताही आधी अशीच आपोआप आलेली होती. तुरीनच्या बॅटिस्टा ‘पिनिन’ फारिना यांनी 1947 साली सिसिटालिया 202 घडवली. तोवर बॉनेट, मडगार्ड, दिवे हे वेगवेगळे जोडल्यासारखे दिसत. इथे सगळा पत्रा एका अंगाचा झाला. तो हातानं ठोकून वळवलेला होता. गाड्या झाल्या जेमतेम पावणेदोनशे, कारण कामच तसं वेळखाऊ आणि महाग. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ती गाडी जपून ठेवली आहे.

पुढे शर्यतींचे नियम आले आणि उलटंच झालं. शर्यतीच्या ठरावीक वर्गात उतरायचं तर किमान 100 गाड्या बनवा, असा नियम होता. फेरारीनं 250 जीटीओ ही जुन्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती असल्याचं सांगून वाट काढली आणि 1962 ते 1964 मध्ये 36च गाड्या बनवल्या. म्हणजे तेव्हा कमी आकडा मिरवायचा नव्हता, नियमाच्या नजरेतून निसटवायचा होता!

माझं मन मात्र मॅकलरेन एफ1वर बसलं आहे. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी चालकाला मधोमध बसवलं आणि दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे. त्यामुळे चाकाच्या कमानीला चुकवण्यासाठी पेडल एका बाजूला सरकवावे लागत नाहीत. पाय सरळ राहतात. इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला, कारण सोनं उष्णता उत्तम परतवतं. यात दिखावा कुठेच नाही. तरी बाजारात मंदी होती आणि एकूण 106 गाड्यांवर काम थांबलं. तो आकडा कुणी ठरवलेला नव्हता, पण आज त्याचीच किंमत मोजली जाते.

ठरवून आकडा लावण्याची रीत त्यानंतर पक्की झाली. त्याआधी फेरारीच्या एफ40 मूळ बेतानुसार 400 व्हायच्या होत्या. मागणी आली तशा तेराशेवर गेल्या. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे बहुतेक सगळ्यांनीच मनावर घेतलं असावं. आता गाडीच्या आधी आकडा जाहीर होतो.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. मुंबईच्या महिंद्रा समूहानं 2015 साली त्याच फारिनांची पिनिनफारिना कंपनी विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढे त्याच नावानं बॅटिस्टा ही विजेवरची गाडी आणली. 2019 मध्ये जिनिव्हात ती दाखवली तेव्हाच सांगितलं होतं: फक्त 150. ताकद 1900 अश्वशक्ती, शून्यापासून ताशी 100 किलोमीटर दोन सेकंदांच्या आत. आमच्याकडे हळदीच्या रानात ज्यांचे लाल ट्रॅक्टर चालतात, तीच ही मंडळी. याचा मला अभिमान आहे. पण 151वी गाडी बनवली तर पहिल्या दीडशेंतल्या एकीचाही वेग कमी होणार नाही, हेही मला दिसतं.

बॅटिस्टा मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. कधी समोर आली तर तिचा क्रमांक शेवटी बघेन; आधी चाकावरची कमान दरवाजाकडे कशी वळत जाते ते, परवानगी मिळाली तर हात फिरवून.